कालव्याचे पाणी आणि एकरांचा हिशेब

कालव्यात अमुक इतके पाणी आहे, तर त्यावर किती एकर जमीन भिजेल? प्रश्न ऐकला म्हणजे शाळेतल्या पाटीवरचे उदाहरण आठवते. भागाकार केला की उत्तर हाती येते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र हे उदाहरण गेली दीडशे वर्षे पुनःपुन्हा मांडले जात आहे आणि दर वेळी उत्तर निराळे निघते आहे. प्रवरेवर निघाले, गोदावरीवर निघाले, मुळेवर निघाले. गणित मांडणारी माणसे कच्ची नव्हती. त्यांत या देशातले नामांकित इंजिनियर होते. उत्तर निराळे का निघते हे गणिताच्या पुस्तकात सापडत नाही, इतिहासात सापडते. म्हणून हा विषय इंजिनियरांकडून उसना घेऊन आम्ही या वसंत व्याख्यानमालेत मांडीत आहोत. ज्यांचे शेत नाही त्यांनाही तो ऐकण्याजोगा आहे, कारण धान्याचा भाव, साखर, मजुरी आणि आपल्या शहराच्या नळाचे पाणी ही सगळी या एका भागाकाराला बांधलेली आहेत.

प्रथम शब्द समजून घेऊ. कालव्याचे पाणी किती एकर भिजवते या प्रमाणाला इंजिनियर लोक पाण्याची 'ड्यूटी' म्हणतात. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या कानाला हा शब्द ओळखीचा आहे. कामगार रोज ड्यूटीवर जातो आणि ड्यूटी संपवून येतो. यंत्रांनाही तो फार पूर्वी लावलेला होता. इंग्लंडातील कॉर्नवॉलच्या खाणींत वाफेची इंजिने पाणी उपसत, तेव्हा ठरावीक कोळशात किती पाणी किती उंच चढले, यावरून इंजिनाची ड्यूटी मोजीत. कालव्यांच्या हिशेबात तोच शब्द पाण्याला लागला. कोळशामागे काम, तसे पाण्यामागे एकर. ड्यूटी नेमून देणारा कोणीतरी असतोच, मग ती माणसाची असो की पाण्याची. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

आता गणित. एका सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिले म्हणजे तो एक क्यूसेक प्रवाह. तो अहोरात्र वाहिला तर २४ तासांत ८६,४०० घनफूट पाणी होते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार केला की दिसते, एका क्यूसेकचा एक दिवस म्हणजे एका एकरावर जवळजवळ दोन फूट उभे पाणी, म्हणजेच दोन एकर-फूट. एका पाळीला शेतात चार इंच पाणी द्यायचे ठरवले तर एवढ्या पाण्यात सहा एकर भिजतील. पण कालवा मातीचा. वाटेत पाणी मुरते, उडते, फुटते. तिसरा हिस्सा वाटेत गेला असे धरले तर सहाचे चार एकर उरले. पुढची पाळी कधी? उन्हाळ्यातल्या उसाला दहा दिवसांनी पाणी हवे असेल तर तोच एक क्यूसेक चाळीस एकर सांभाळील. हिवाळ्यातल्या ज्वारीला महिन्याने चालत असेल तर एकशेवीस एकर. पाणी तेच, कालवा तोच, नुसते पीक आणि ऋतू बदलला की उत्तर तिप्पट झाले.

हाच हिशेब भंडारदऱ्याला लावून पाहू. अकोले तालुक्यात प्रवरेवर उभ्या असलेल्या या धरणाची साठवण सुमारे ११ टीएमसी, म्हणजे १,१०० कोटी घनफूट आहे. एकर-फुटांत ती अडीच लाख भरते. बाष्पीभवन, नदीतली तूट, कालव्यांतली गळती आणि चाऱ्यांतली नासाडी मिळून निम्मे पाणी वाटेत गेले आणि सव्वा लाख एकर-फूट शेताच्या बांधावर पोहोचले असे धरू. पाऊस सोपेपणासाठी बाजूला ठेवू. उसाच्या एका एकराला वर्षात आठ फूट पाणी धरले तर सगळे धरण मिळून भिजेल ऊस सुमारे साडेपंधरा हजार एकर. रब्बी ज्वारीला सोळा इंच धरले तर भिजेल ज्वारी सुमारे चौऱ्याण्णव हजार एकर. आणि दर तीन एकरांत एक एकर ऊस व दोन एकर हंगामी पीक असे मिश्रण ठेवले तर भिजेल सुमारे पस्तीस हजार एकर. हे आकडे उदाहरणादाखल आमचे आहेत; सरकारी दप्तरातले नव्हेत. पण त्यांतून मुद्दा स्पष्ट होतो. एकाच धरणाची तीन उत्तरे आली आणि तिन्ही गणिताने बरोबर आहेत. त्यांतले कोणते खरे धरायचे, हे गणित सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते, आणि आजवर कोणी, कशासाठी ठरवले, हाच आमचा विषय आहे.

इंग्रजी अमदानीत दख्खनमध्ये कालवे निघाले ते दुष्काळाच्या धाकाने. नगर जिल्ह्यात प्रवरेवर ओझर आणि लाख येथले छोटे कालवे १८७० च्या दशकातले. त्यांच्यामागे मोठा साठा नव्हता. नदीला पाणी तोवर कालव्याला पाणी. १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आणि पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ यांनी सरकारला पटवले की धरणे बांधल्यावाचून गत्यंतर नाही. हेतू बोलायला सरळ होता. पाणी पुष्कळ गावांवर पातळ पसरायचे, ज्वारी-बाजरी वाचवायची, माणसे आणि गुरे जगवायची.

पण हा हेतू कागदावरून बांधावर उतरेना. पाऊस बरा झाला की ज्वारीच्या शेतकऱ्याला कालव्याची गरज नसे. काळ्या जमिनीत ओल टिकते; मग तो पाणीपट्टी कशाला भरील? पाऊस फसला की सगळे एकदम पाणी मागत, आणि नेमके त्याच वर्षी धरणही अपुरे भरलेले असे. म्हणजे सुकाळात कालवा रिकामा वाहायचा आणि दुष्काळात तो पुरायचा नाही. खजिन्याच्या दृष्टीने तर हा आतबट्ट्याचाच व्यवहार होता. उसाचे तसे नव्हते. ऊस बारा महिने पाणी मागतो, दर वर्षी मागतो आणि एकरी जास्त पट्टी भरतो. भुकेच्या हिशेबाने काढलेला कालवा पट्टीच्या हिशेबाने उसाकडे वळला, यात कोणा एकाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. पाण्याची ड्यूटी नेमून देणारा आता दुष्काळ राहिला नाही, ताळेबंद झाला.

याचा परिणाम काय होतो, हे प्रथम नीरा कालव्यावर उघड झाले, म्हणून थोडा वेळ पुणे जिल्ह्यात जाणे भाग आहे. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. ऊस कालव्याच्या मुखाकडच्या गावांत एकवटला. तिथे पाणी वारेमाप लागे, जमिनी चिबडू लागत, आणि शेपटाकडची गावे कोरडी राहत. विसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे १९०० नंतरच्या तीन-चार वर्षांत, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याकडच्या पाटबंधाऱ्यांवर एक्झिक्युटिव्ह इंजिनियर होते. त्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचवली. पाणी मोजक्या गावांत साचू न देता कालव्याच्या सगळ्या लांबीवर वाटावे. प्रत्येक गावात योग्य जमिनीचे ठरावीक ब्लॉक पाडावे. ब्लॉकमध्ये सुमारे तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीत हंगामी पिके, आणि ऊस फेरपालटाने फिरता ठेवावा. शेतकऱ्याला काही वर्षांच्या मुदतीने पाण्याची हमी द्यावी. वर आम्ही तिसरे उत्तर काढले, पस्तीस हजार एकरांचे, ते या विचाराचेच फळ आहे.

विश्वेश्वरय्यांची थोरवी आम्हाला इथे दिसते. त्यांनी पाण्याचा हिशेब मांडताना पिकाचा, जमिनीचा आणि गावांचा हिशेब एकत्र मांडला. खजिन्याला ऊस हवा, शेतकऱ्याला हमी हवी, जमिनीला विसावा हवा आणि शेपटाच्या गावाला पाणी हवे, या चार मागण्यांची त्यांनी घातलेली ती तडजोड होती. आम्ही आयुष्यभर मालक आणि कामगार यांच्यातले करार पाहत आलो आहोत, त्यावरून सांगतो: ब्लॉक पद्धत हा एक करार होता. कराराचे कलम चांगले असून भागत नाही. ते पाळले जाते की नाही हे पाहणारा कोणी लागतो.

नगर जिल्ह्यात मोठी धरणे आली ती यानंतर. नाशिककडे दारणा धरण १९१६ च्या सुमारास पुरे झाले आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहाता भागात आले. भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये संपले. २७० फूट उंचीचा तो दगडी बांध त्या काळात देशातल्या सर्वांत उंच बांधांपैकी एक होता. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. घाटमाथ्याच्या धो धो पावसाचे पाणी अडवायचे, नदीतून ओझरला आणायचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या अवर्षणाच्या पट्ट्यात सोडायचे, अशी ती योजना.

धरण पुरे होण्याआधीच ऊस येऊन उभा होता. १९१९ मध्ये बेलापूर कंपनी स्थापन झाली आणि हरेगावला तिचा साखर कारखाना निघाला. परिसरातल्या गावांच्या जमिनी सरकारमार्फत कंपनीच्या मळ्याकडे गेल्या. पुढे १९३० नंतर परदेशी साखरेवर जकात बसली आणि टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी अशी कारखान्यांची रांग लागली. मग आला शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. लहान शेतकरी कारखान्याचा मालक होतो, ही घटना देशाच्या इतिहासात मोठी आहे आणि तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण पाण्याच्या हिशेबापुरते बोलायचे तर कंपनी असो की सहकार, बॉयलर पेटला की त्याला ठरलेला ऊस लागतो आणि ऊस ठरलेले पाणी मागतो. पाण्याची ड्यूटी आता कारखान्याच्या गाळपक्षमतेने ठरू लागली. ब्लॉकमधला तिसरा हिस्सा कागदावर तिसराच राहिला. शेतात तो वाढत गेला.

या भागाकारात न धरलेल्या काही बाबी आहेत. पहिली, जमीन. नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास शेतकी खात्याचे हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. जास्त पाण्याने खालची क्षारे वर येतात आणि जमीन चोपण होते. प्रवरेच्या काठीही तेच झाले. भिजलेल्या एकरांच्या बेरजेतून बुडालेले एकर वजा करावे लागतात. दुसरी बाब याच्या उलट आहे. कालव्यातून पाझरलेले सगळे पाणी वाया जात नाही. बरेच विहिरींत उतरते. शेतकरी ते उपसतो आणि उन्हाळा काढतो. हे एकर कालव्याच्या वहीत दिसत नाहीत, पण कालवा बंद पडला की विहीर कोरडी पडते. म्हणजे वहीतला आकडा एकीकडे फुगलेला आणि दुसरीकडे आखडलेला असतो.

तिसरी बाब माणसांची, आणि ती आमच्या धंद्याची. आपल्याकडे पाणी शेजपाळीने देतात. शेतकरी हंगामाच्या आरंभी अर्ज भरतो, मंजुरी मिळते, पाळीपत्रक निघते आणि रिवाजाप्रमाणे शेपटाकडून मुखाकडे पाळी चढत येते. हे सगळे चालवायला कालवा निरीक्षक, मोजणीदार, दप्तर कारकून आणि रात्रीबेरात्री चारीवर फिरणारा कालवा चौकीदार लागतो. दख्खनच्या कालव्यांवर कामाचे माप म्हणून 'एका दिवस-क्यूसेकमागे किती एकर भिजले' हा आकडा काढीत आले. हा आकडा वर चढतो किंवा खाली येतो, तो पुष्कळ अंशी या माणसांमुळे. एका चौकीदाराकडे दोघांचे काम दिले आणि जागा रिकाम्या ठेवल्या, तर मुखाकडचे दार रात्री कोण उघडते हे कोणाला कळणार? मग शेपटाचा शेतकरी आणि चौकीदार एकमेकांवर उखडतात. पगारात वाचवलेला रुपया पाण्यात कितीने बुडाला, याचे गणित कोणी मांडीत नाही.

चौथी बाब एकर नसलेल्या माणसांची आहे. हा जिल्हा दोन तोंडांचा. उत्तरेला कालव्यांचे तालुके, दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडसारखे अवर्षणाचे. दर वर्षी दिवाळीच्या पुढेमागे पाथर्डीच्या भागातून कोयता घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. ज्या पाण्याच्या वाटणीत त्यांच्या गावाचा थेंब नाही, त्या पाण्याचे पीक त्यांच्या हातांनी कापले जाते. पाण्यामागे किती एकर, किती टन, किती रुपये हे सांगणारे तक्ते पुष्कळ आहेत. पाण्यामागे किती माणसांना वर्षाचे किती दिवस गावात राहून काम मिळाले, हा रकाना त्यांत असायला हवा. आमच्या मते तोही पाण्याच्या ड्यूटीचाच भाग आहे.

हा विचार आमचा एकट्याचा नाही. याच जिल्ह्याचे कॉम्रेड दत्ता देशमुख हे लाल निशाणचे नेते. कामगारांची चळवळ आणि पाण्याचा अभ्यास त्यांनी एकाच हाताने केला. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि देऊस्कर यांच्यासह ते ज्या समितीत होते, तिने १९७९ मध्ये आठमाही पाण्याची कल्पना मांडली. उन्हाळ्यात कालव्याचे पाणी सर्वांत जास्त उडते आणि एकरी सर्वांत जास्त लागते. तेव्हा कालव्याने खरीप आणि रब्बी असे आठ महिने पाणी द्यावे. उन्हाळ्याचे पीक ज्याने त्याने विहिरीवर सांभाळावे. अशाने तेच पाणी कितीतरी अधिक शेतकऱ्यांना पोहोचेल. गणित जुनेच होते. नवा होता तो प्रश्न. किती एकर, याच्या आधी किती घरे, असे त्यांनी विचारले. शासनाने हे धोरण पुढे मान्यही केले. पण आधीच उभे असलेले कारखाने आणि आधीच लावलेला ऊस यांच्यापुढे मान्यतेचा कागद हलका पडला.

मुळेवर दुसरा एक प्रयोग झाला. सव्वीस टीएमसीचे मुळा धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. त्याच्या उजव्या कालव्याच्या सात नंबरच्या मायनरवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांनी श्री दत्त सहकारी पाणी वाटप संस्था चालवली. सरकारने संस्थेला पाणी मोजून द्यायचे, पीक कोणते ते संस्थेने ठरवायचे, वाटप सभासदांनी करायचे. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. एकरावर पट्टी असली की एकदा पट्टी भरली म्हणजे जास्त पाणी ओढण्यातच फायदा वाटतो. घनमापाने पाणी घेतले की वाचवलेले पाणी आपले राहते आणि शेतकरी स्वतःच ड्यूटीचा हिशेब करू लागतो. २००५ मध्ये राज्यात पाणी वापर संस्थांचा आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा असे जे दोन कायदे झाले, त्यांच्या मुळाशी अशाच अनुभवांची पुंजी आहे.

याच प्राधिकरणाच्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने गेल्या काही वर्षांत नगर-नाशिकच्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडावे लागले, आणि त्यावरून मोर्चे, दावे, निकाल झाले. मुखाकडचे आणि शेपटाकडचे हे नीरेवरचे जुने भांडण आता अख्ख्या खोऱ्याचे झाले आहे. संगमनेरचा शेतकरी प्रवरेच्या मुखाकडचा, पण मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या नजरेने नगर जिल्हाच मुखाकडचा. आपल्या शेपटाला न्याय मागणाऱ्याने दुसऱ्याच्या शेपटाचेही ऐकावे लागते.

आणि निळवंडे. १९७० मध्ये मनात आलेल्या या प्रकल्पाचा डावा कालवा २६ ऑक्टोबर २०२३ रोजी लोकार्पण झाला. सात तालुक्यांतली १८२ गावे त्याची वाट पाहत होती. त्रेपन्न वर्षांत माणसांच्या दोन पिढ्या झाल्या. त्या गावांपुढे आता पाटीवरचे तेच उदाहरण कोरे उभे आहे. पाणी पातळ पसरवून पुष्कळ घरांची ज्वारी, चारा, भाजी आणि डाळ पिकवायची, की मुखाकडे ऊस दाटू द्यायचा आणि दहा वर्षांनी शेपटाकडून मोर्चा काढायचा? नीरेवर आणि प्रवरेवर काय झाले हे त्यांच्या आधीच्या लोकांना ठाऊक नव्हते. त्यांना ते ठाऊक आहे.

आमचे सांगणे थोडक्यात इतकेच. यापुढे कोणी व्यासपीठावरून सांगितले की अमुक प्रकल्पाने अमुक हजार एकर भिजतील, तर टाळ्या वाजवण्याआधी चार गोष्टी विचाराव्या. हे पाणी कुठे मोजले, धरणाच्या भिंतीशी की शेताच्या बांधाशी? कोणते पीक धरले? पहाऱ्याला माणसे किती नेमली? आणि शेवटच्या चारीवरच्या शेवटच्या शेतकऱ्याला कोणत्या तारखेला पाणी मिळणार? कालवा सल्लागार समितीची बैठक दर हंगामाला होते, आणि तिथे हे प्रश्न विचारायला इंजिनियर असावे लागत नाही. युनियनचा पहिला धडा आम्ही हाच शिकलो की ड्यूटीचा तक्ता भिंतीवर सर्वांना दिसेल असा लावून घ्यावा. पाण्याच्या ड्यूटीचा तक्ताही तसाच प्रत्येक गावाच्या चावडीवर लागला पाहिजे.